भेंडीत मीठ शेवटी

४ जून

धाकटे,

आज उष्ट्याची बादली रिकामी निघाली. तळाशी दोन मिरे आणि लिंबाची एक साल, बस्स. बेचाळीस पोरी जेवल्या आणि फ्लॉवरचा एक तुरा परत आला नाही. मी बादली उलटी करून मदतनीस बाईला दाखवली. ती म्हणाली, "बरं झालं, धुवायचे कष्ट वाचले." तिला काय कळणार! मला ही गोष्ट कुणाला तरी सांगायचीच होती, आणि ज्याला कळेल असं माणूस शोधायला गेले तर जगात एकच निघालं. ते नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाही.

म्हणून हे पत्र. माफीबिफी मागायला नाही, आधीच सांगते.

मी चार वर्षांपासून एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तुझे भावजी गेले, घर खायला उठलं, म्हणून नोकरी धरली, असं मी सगळ्यांना सांगते. मुली सहापासून सोळा वर्षांपर्यंतच्या. सगळ्या अंध. काहींना उजेड-अंधार कळतो, बाकीच्यांना तोही नाही. हे वाचून तुझे ओठ कसे आवळले गेले असतील ते मला इथून दिसतंय. असो. भाजीचं सांगते.

आले तेव्हा ती बादली रोज काठोकाठ भरायची. पहिल्याच आठवड्यात मी भेंडी केली. माझी भेंडी तुला माहीत आहे, झाकण ठेवून छान मऊ शिजवलेली. आपल्या घरात तिला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. इथे ताटं परत आली ती भेंडीसकट. मी तरातरा जेवणाच्या खोलीत गेले आणि विचारलं, "काय झालं भाजीला?" कोपऱ्यातली दोन वेण्यांची, आठ-नऊ वर्षांची एक पोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, हा शेंबूड आहे."

खोलीभर हशा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अन्नाला असं बोलू नये म्हटलं, तर म्हणते, "मग तुम्ही बोटं घालून बघा ना." घातली. दोन तुकडे उचलले तर मध्ये ही लांबलचक तार. डोळ्यांनी जेवणाऱ्याला ती तार दिसत नाही, गंमत बघ. त्याला हिरवी, चकचकीत भाजी तेवढी दिसते. त्या पोरीचं नाव मी तिथल्या तिथे वकीलीण ठेवलं, आणि तेच आजतागायत चालू आहे.

मग मी तीन आठवडे भेंडीच्या मागे लागले. ऐक. भेंडी धुतल्यावर फडक्यानं एकेक पुसायची आणि पंख्याखाली तासभर पसरून ठेवायची. सुरीसुद्धा कोरडी. कढई नको, मोठा पसरट तवा घे. तेल चांगलं तापू दे. गर्दी करायची नाही, झाकण ठेवायचं नाही आणि मीठ अगदी शेवटी, गॅस बंद करताना. आधी घातलंस की तिला पाणी सुटतं आणि मेहनत वाया. आता माझी भेंडी दातांखाली कुरकुरते. वकीलिणीनं चौथ्यांदा वाढून घेतली तेव्हा मी तिला विचारलं, "काय, शेंबूड आवडला वाटतं?" तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

एवढंच सांगायचं होतं.


१९ जून

धाकटे,

पत्र पोचलं असणार. उत्तर आलं नाही. लहानपणीही तू रुसलीस की तीन-तीन दिवस खांबासारखी बसायचीस, पण भूक लागली की यायचीस. म्हणून मी भाज्यांचंच लिहिते.

भेंडी जमल्यावर मला वाटलं, जिंकलं. पण बाकीच्या भाज्या परत येतच होत्या. शेवटी एका दुपारी मी डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला आणि पोरींच्या रांगेत ताट घेऊन बसले. माझाच स्वयंपाक. काय सांगू तुला! बटाट्याचा केवढा तरी तुकडा तोंडात आला, पुढच्या घासाला बारीक चुरा. आख्खी मिरची चावली गेली. भाजीचं पाणी भातात शिरलं होतं आणि सगळं ताट एकच लगदा झालं होतं. कुठे काय आहे याचा पत्ता नाही. मी चाचपडत होते आणि शेजारची सहा वर्षांची चिमुरडी मला समजावत होती, "मावशी, घाबरू नका, हळूहळू सापडतं." स्वतःच्याच ताटात हरवलेली स्वयंपाकीण मी पहिलीच असेन.

त्या दिवसापासून नियम केले. सगळे तुकडे एका मापाचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. आख्खी मिरची बंद. आणि ताट घड्याळासारखं वाढायचं: बारावर भात, तीनवर सुकी भाजी, सहावर कोशिंबीर, नऊवर वाटी. आता पोरी बसल्या बसल्या ओरडतात, "मावशी, तीनवर अजून!" आमच्या रेक्टरबाई, म्हणजे वसतिगृह चालवणाऱ्या बाई, फार कडक आहेत. चार वर्षांत हसताना दिसल्या नाहीत. पण त्यांनी हे घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं ताटही तसंच मागितलं.

फ्लॉवरचं तुला सांगितलंच नाही. आपण त्याचे बारीक तुरे करून पाण्यात उकडत होतो, सगळा जन्म. तसं करायचं नाही. मोठे तुरे घे आणि मधोमध चीर, म्हणजे एक बाजू सपाट होते. ती सपाट बाजू तापलेल्या तव्यावर तेलात ठेव आणि हात मागे बांधून उभी राहा. ढवळायचं नाही. हेच अवघड आहे, आपला हात शिवशिवतो. पाच-सहा मिनिटांत भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास येतो. मग उलटून दोन चमचे पाणी, झाकण, तीन मिनिटं. वर मीठ, मिरपूड, लिंबू. दांडेही टाकू नकोस, ते सोलून पातळ चकत्या कर, सगळ्यात गोड तेच असतात.

तुझ्या भिंगरीला फ्लॉवर आवडायचा नाही. आता आवडतो का?

त्या दिवशी मी काही एवढं वाईट बोलले नव्हते. घरात पंधरा माणसं जेवायला होती, मी सकाळपासून उभी होते, आणि माणसाच्या तोंडून निघून जातं.


८ जुलै

धाकटे,

आता वकीलीण तेरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात मी तव्यावर फ्लॉवर ठेवला होता आणि ती बाहेरच्या ओसरीत पाठांतर करत होती. मी मदतनीस बाईशी बोलण्यात गुंतले. खिडकीतून आवाज आला, "मावशी, उलटा!" मी बघितलं, तर अगदी वेळेवर. अर्ध्या मिनिटानं करपला असता. "तुला गं कसं कळलं?" म्हटलं, तर म्हणाली, "आधी तो चुरचुरतो, मग आवाज बारीक होतो, मग वास बदलतो. तुम्ही इतक्या वर्षांत ऐकलं नाही?"

नव्हतं ऐकलं. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि तव्यापाशी उभं केलं.

रेक्टरबाईंना सांगितलं नाही. नियमाप्रमाणे मुलींनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. पण वकीलिणीमागून दुसरी आली, मग तिसरी. आता पाचजणी आहेत, शाळा सुटल्यावर येतात. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे पाट सरकत नाही. डाव्या हाताची बोटं आत वळवायची, पेरं पुढे, सुरीचं पातं पेरांना घासत खाली. पेरं सांगतात पातं कुठे आहे ते. मी समोर बसते आणि श्वास रोखून धरते, पण बोलत नाही. वांगं थेट जाळावर भाजायचं तेही शिकवलं. साल फुटून रस आगीवर पडला की फिस्स होतं, मग चिमट्यानं देठाजवळ दाबायचं. देठाजवळ मऊ लागलं तर वांगं झालं, तिथे घट्ट असेल तर अजून थांब. सोलून, लसूण ठेचून आणि तव्यावर जरासा परतून, लिंबू पिळून, वरून कच्चं तेल. तू बोटं चाटशील. हे ज्या पोरीनं केलं तिचा आवाज एवढा मोठा आहे की आम्ही तिला भोंगा म्हणतो. तिनं जेवणाच्या खोलीत जाहीर केलं, "आजचं वांगं मी भाजलंय!" आणि बेचाळीस पोरींनी टेबलं बडवली. मला असं भरून आलं, जशी काही माझीच परीक्षा होती.

आता खरं लिहिते. मी चार वेळा कागद फाडला आहे.

भिंगरी दहा वर्षांची होती. माझ्या ओट्यापाशी उभी राहून ती काकडी चिरत होती. मी बाहेरून आले आणि तिच्या हातातली सुरी हिसकावली. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आंधळ्या पोरीनं सुरीशी खेळू नये. तू आपली नुसती बसून खा." तू म्हणालीस, "ताई, ती खेळत नाहीये." मी म्हणाले, "तुला आई म्हणून अक्कल नाही." तू तिचा हात धरलास आणि न जेवता गेलीस.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही गेल्यावर मी तो पाट आवरायला घेतला. काकडीच्या चकत्या कागदासारख्या पातळ होत्या. सगळ्या सारख्या. मी एकेक उचलून बघितली. इतक्या एकसारख्या मला येत नव्हत्या तेव्हा. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. मी त्या चकत्यांत मीठ-लिंबू घातलं आणि पाहुण्यांना वाढल्या. कुणी म्हणालं, काकडी काय छान चिरलीस! आणि मी गप्प बसले.


३० जुलै

धाकटे,

आज फुशारकी नाही.

गेल्या सोमवारी भोंग्यानं पातेल्यावरचं झाकण स्वतःकडे उचललं. वाफ मनगटावर आली. मी शंभरदा सांगितलं होतं, झाकण पलीकडे कलवायचं, पण घाईत विसरली. रुपयाएवढा फोड आला, पाण्याखाली हात धरला, मलम लावलं. ती रडली नाही. मात्र किंचाळली, आणि भोंगाच ती, सगळ्या इमारतीला कळलं. रेक्टरबाई धावत आल्या.

"ही मुलगी इथे काय करत होती?"

आणि मी म्हणाले, "मला काय ठाऊक! ती आपणहून आत शिरली."

ती पोर माझ्याजवळच होती, तिचा हात माझ्या हातात होता. तिनं फक्त मान माझ्याकडे वळवली. ज्या पोरीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो ती गप्प राहिली, माझ्यासाठी. वकीलीणही तिथेच होती. ती म्हणाली, "आम्ही जातो, मावशी," आणि पाचहीजणी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या.

नऊ वर्षांपूर्वी मी एका पोरीला कमी लेखलं होतं आणि आता दुसरीला खोटी पाडली. दोन्ही वेळा स्वयंपाकघरात, दोन्ही वेळा लोकांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा रेक्टरबाईंच्या खोलीत गेले. उभ्यानंच सांगितलं, "मी खोटं बोलले. पाच मुलींना दीड महिना मी शिकवते आहे. मीच आत बोलावलं. काढायचं तर मला काढा." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "संस्थेच्या समितीपुढे जावं लागेल. तसंही स्वयंपाकघर बंद करून बाहेरून पाकिटातलं जेवण आणायचा विषय आहेच त्यांच्या मनात. तुम्ही त्यांना आयतं कोलीत दिलंत."

तिथून मी भोंग्याकडे गेले. तिच्या पलंगावर बसून "माझं चुकलं" म्हणाले. हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारलेत ते तुला माहीत आहे. एकदाही नाही. ती म्हणाली, "ठीक आहे मावशी, पण झाकण आता मी पलीकडेच उचलणार."

वकीलीण मात्र सोडेना. म्हणाली, "तुमचे हात द्या." दिले. तिनं मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवली आणि मोजायला लागली. भाजल्याचे डाग गं, जुने, तेलाचे, तव्याचे, भट्टीचे. सतरा निघाले.

"सतरा वेळा भाजलं तर तुम्हाला कुणी स्वयंपाकघरातून काढलं का?"

"नाही."

"मग तिला एका फोडासाठी का काढायचं?"

मी तिला म्हटलं, "हे समितीला विचार."


२१ ऑगस्ट

धाकटे,

तिनं विचारलं!

समितीत पाचजण. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या मिश्यांचे. शेजारी एक डॉक्टरीणबाई. बाकीचे तिघं माना डोलावणारे. वकीलिणीनं तोच प्रश्न जसाच्या तसा टाकला, आणि माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले पुरावा म्हणून. अध्यक्ष मिश्यांत हसले, पण म्हणाले, "बाळ, प्रश्न चांगला आहे, पण करून दाखवणं वेगळं."

तेव्हा आमच्या रेक्टरबाई बोलल्या. मला वाटलं, आता माझी गच्छंती. त्या म्हणाल्या, "दाखवतील. पुढच्या शनिवारी तुमचं जेवण याच पाचजणी करतील. स्वयंपाकीणबाई बाहेर बसतील. आत पाऊल टाकायचं नाही, तोंड उघडायचं नाही. मी दाराशी उभी राहीन, आणि मला स्वयंपाक येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे."

तो शनिवार मी ओसरीतल्या बाकावर काढला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. धाकटे, माझी दोन बाळंतपणं याहून सोपी होती. आत भेंडी, वांगं, फ्लॉवर आणि भोपळा. भोपळा सालासकट, बोटभर जाड फाका, मंद आचेवर लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस आणि वर भरपूर मिरपूड. मी फक्त ऐकत होते. पाटावर सुरी, टक टक टक, एका लयीत. वांग्याचं फिस्स. आणि मग लसूण करपल्याचा वास.

मी उठलेच. रेक्टरबाईंनी दारातून बोट दाखवलं, खाली बसा. बसले. करपलेला लसूण वांग्यात गेला तर सगळं कडू होणार, आणि पोरी घाबरून तसंच पुढे ढकलणार, मी मनात म्हटलं. तेवढ्यात वकीलिणीचा आवाज, अगदी शांत: "टाकून दे. तवा पूस. नव्यानं सोल." मग तव्यावर खरवडल्याचा आवाज, नळ, आणि पुन्हा ठेचायचा दगड. हे मी तिला शिकवलं नव्हतं. माझ्या हातून लसूण करपला की मी दुसरंच काही तरी घालून लपवत आले आहे.

पाचहीजण जेवले. माना डोलावणाऱ्यांपैकी एकानं फ्लॉवर तीनदा घेतला. अध्यक्षांनी भेंडीचा तुकडा मोडून बघितला आणि म्हणाले, "आमच्या घरी ही चिकट का होते?" भोंग्यानं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तुम्ही मीठ आधी घालता!" डॉक्टरीणबाईंनी पाचही पोरींचे हात तपासले. नवी जखम एकही नाही. माझ्या हातावर मात्र बाकाच्या फळीचे वळ होते.

ठरलं ते असं: पाकिटातलं जेवण येणार नाही. आणि बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलीला आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकाचा तास. फळ्यावरच्या वेळापत्रकात गणिताच्या खाली लिहिलंय. शिक्षिका म्हणून माझं नाव आहे. मी नववीत शाळा सोडलेली बाई! मी ते वेळापत्रक तीनदा वाचून आले.

सोबत एक जाड कागद आहे. तो भिंगरीसाठी. ब्रेल मला वकीलीण शिकवते, मी सांगेन तसं लिहून द्यायचीही तिनं तयारी दाखवली होती, पण मी म्हटलं, हे मीच टोचणार. पाटीत कागद अडकवून टोच्यानं मागून दाबायचं, उजवीकडून डावीकडे, सगळं उलटं. चार ओळींना दोन दुपारी लागल्या. चुका असतील. त्यात काय आहे ते तुला सांगत नाही, ती तिची वस्तू आहे. तिनं तुला वाचून दाखवली तर दाखवली.

आणि तुझ्यासाठी इथेच लिहिते. माझं चुकलं, धाकटे. तुला अक्कल नाही म्हणाले ते.


१६ सप्टेंबर

धाकटे,

रविवारी दहा वाजता फाटकाशी एक उंच मुलगी उभी राहिली, पांढरी काठी, पाठीवर पिशवी. एकटी, दोन बस बदलून आलेली. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं, कारण मी पहारेकऱ्यावर ओरडत होते. "आवाज बदलला नाही तुझा, मावशी," म्हणाली.

इथे बेचाळीस पोरी मला मावशी म्हणतात. तरी ती एक हाक कानावर पडल्यावर मी फाटकाच्या गजाला धरलं.

ती म्हणाली, "तुझ्या पत्रात सहा चुका होत्या. एका ठिकाणी तू 'माझं चुकलं' ऐवजी 'माझं चकलं' लिहिलंयस." मग हसली. मग मी तिला पोटाशी धरलं.

तिनं आत येऊन आधी वास घेतला. कारली चिरून मीठ लावून ठेवली होती. एक चकती उचलून म्हणाली, "फार पिळतेस तू. सगळा कडूपणा काढलास तर कारलं खायचं कशाला?" पंचवीस वर्षं मी कारलं असंच करते आहे. तरी बाजूला झाले. तिनं दुसरी कारली घेतली, पातळ चकत्या केल्या, मीठ लावून दहाच मिनिटं ठेवल्या, नुसत्या झटकल्या आणि मंद आचेवर पसरून दिल्या. शेवटी तळलेला कांदा. कडू लागतात, पण मग तोंडात काहीतरी गोड रेंगाळतं. मग तिनं कोबी केला. गड्ड्याच्या जाड फोडी, मधला दांडा तसाच, म्हणजे पानं सुटत नाहीत. लोण्यात एक बाजू काळपट होईपर्यंत आणि मग झाकण, पाण्याचा थेंब नाही. म्हणाली, कॉलेजच्या खोलीत एकच शेगडी आहे, त्यावर शोधून काढलं. माझ्या पाच शिष्या तिच्याभोवती. वकीलिणीनं तिची उलटतपासणी घेतली आणि शेवटी मला हळूच म्हणाली, "मावशी, या तुमच्यापेक्षा बऱ्या आहेत." मला राग आला नाही. मी वाढताना प्रत्येक टेबलाशी सांगत गेले, ही माझी भाची, कोबी हिनं केलाय, माझी भाची.

तिनं सांगितलं की तू माझी पत्रं तिला वाचून दाखवतेस. फुशारकीच्या ओळी गाळतेस आणि भाज्यांच्या दोनदा वाचतेस. गाळ खुशाल. पुढचं मात्र गाळू नकोस.

रेक्टरबाई कोबी खाऊन तिच्यापाशी आल्या. "तुला हे कुणी शिकवलं?" भिंगरी म्हणाली, "आईनं. पाच वर्षांची असल्यापासून. मी पहिल्यांदा बोट कापून घेतलं तेव्हा आईनं पट्टी बांधली आणि सुरी परत हातात दिली. नंतर मोरीत जाऊन रडली. तिला वाटलं मला ऐकू येत नाही."

रेक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुट्टीत या मुली घरी जातात आणि घरचे त्यांना पाणीसुद्धा ओतून घेऊ देत नाहीत. सगळ्या पालकांना बोलावते आहे. त्यांच्याशी एखाद्या आईनं बोलायला हवं. तुमची बहीण येईल का?"

मी म्हटलं, मी बोलू शकणार नाही, कारण मी भ्यालेल्यांपैकीच आहे. ती बोलू शकेल. ती पहिल्यापासून माझ्याहून धीट होती, आणि मी थोरली म्हणून ते कधी कबूल केलं नाही. एवढं मोठं काम तू एकटीनं केलंस, घरच्यांचं ऐकून न घेता, माझं तर मुळीच नाही. सबंध वसतिगृहाला मी ओरडून सांगितलंय की हे करणारी बाई माझी बहीण आहे.

चार ऑक्टोबर, सकाळी अकरा, पहिल्या मजल्यावरचा हॉल. पस्तीस-चाळीस आयाबाप असतील, घाबरलेले. मी खाली स्वयंपाकघरात असेन. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. वर जा, त्यांना सांग, आणि मला न भेटता गेलीस तरी मी समजून घेईन.

पण जेवल्याशिवाय जाऊ नकोस. तीनवर कोबी असेल, तुझ्या लेकीच्या पद्धतीचा.

तुझी,
ताई